खेळ बंद, काम चालू : जव्हार-मोखाड्यातील कंबरदुखीवरच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

कंबर धरलेल्या माणसाने खेळ सोडून द्यावा, हा सल्ला महाराष्ट्रात इतक्या सर्रास दिला जातो की त्याला आधार काय, असे कुणी विचारत नाही. घरातील वडीलधारी मंडळी तो देतात, गावातील जाणती माणसे देतात, आणि घाईत असलेला डॉक्टरही चिठ्ठीवर गोळ्यांची नावे लिहून झाल्यावर मान वर न करता तोच देतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन डोंगरी तालुक्यांत मात्र या सल्ल्याला एक विपरीत रूप येते. तेथील तरुणाला कबड्डी बंद करायला सांगितले जाते तेव्हा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते की आवणी बंद होणार नाही, लाकडाची मोळी बंद होणार नाही आणि दिवाळीनंतरची वीटभट्टीही बंद होणार नाही. विश्रांती म्हणून जे सांगितले जाते ती प्रत्यक्षात खेळबंदी असते. कमरेवरचा भार होता तेवढाच राहतो आणि त्या भाराच्या जोडीला जी एक मनाजोगती हालचाल उरली होती, ती तेवढी काढून घेतली जाते. प्रस्तुत आक्षेप या व्यवहाराला आहे, आणि तो वैद्यकीय तसेच सामाजिक अशा दोन्ही अंगांनी घेता येतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तरी वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांच्या वस्तीचा हा पट्टा होता तसाच राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. खाचरांत भात, उताराच्या वरकस जमिनीवर नागली आणि वरई, आणि पीक घरात आले की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर स्थलांतर, असे बहुसंख्य कुटुंबांचे वर्ष असते. या वर्षातील आवणी, म्हणजे भाताची रोपे उपटून चिखलात पुन्हा लावण्याचे काम, कमरेच्या दृष्टीने नीट पाहण्याजोगे आहे. पाठीवर इरले किंवा हल्ली प्लास्टिकचा कागद, पाय पोटरीपर्यंत चिखलात, गुडघे जवळजवळ ताठ आणि कमरेत काटकोन, डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात तीन-चार काड्या चिखलात खोचून पुन्हा जुडीकडे, आणि असे करत करत माणूस मागे मागे सरकत जातो; पुरता उभा राहतो तो बांधाला पाय लागल्यावरच. हे दिवसातले सात-आठ तास आणि सलग कित्येक दिवस चालते. भट्टीवर उकिडवे बसून साच्यात चिखल थापणे आणि वाळलेल्या विटा डोक्यावर वाहणे असते. उन्हाळ्यात झरे आटले की बायकांच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हंड्यांची उतरंड येते. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईच्या नळाला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हा तपशील कंबरदुखीच्या चर्चेत सहसा घेतला जात नाही. तो घ्यायला हवा, कारण पाणी वाहणारी कंबर आणि दुखणारी कंबर एकच असते.

या दुखण्याला बोलीत उसण, चमक आणि लचक असे शब्द आहेत. उसण भरते, चमक निघते, कंबर लचकते. तिन्ही शब्दांत दुखणे अचानक येते आणि जाते, असा अर्थ गृहीत आहे, आणि तो बहुतांशी खरा आहे. उसण भरलेल्याच्या पाठीला पायाळूने, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीने, पाय लावावा म्हणजे ती उतरते, अशी समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. तिची टिंगल करणे सोपे आहे. परंतु पायाळूकडे गेलेला माणूस चालत जातो आणि त्याच दिवशी कामाला लागतो, आणि दुखणे मुळातच दिवसागणिक ओसरणारे असल्यामुळे श्रेय पायाळूच्या पदरात पडते. पंधरा दिवस खाटेवर पडून राहायला सांगणाऱ्यापेक्षा पायाळूने नुकसान कमी केले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

आधुनिक वैद्यकात ज्याला अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात, म्हणजे जिच्या मुळाशी मोड, गाठ, जंतुसंसर्ग किंवा शीर दाबली जाण्यासारखे एखादे नेमके कारण दाखवता येत नाही अशी कंबरदुखी, तीच एकूण रुग्णांतील सुमारे नव्वद टक्क्यांची असते. २०२० साली जगभर सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेला अंदाज आहे. या दुखण्यात अंथरुणाला खिळून राहण्याचा उपयोग होतो की नाही, याची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन दिवस विश्रांती सांगितलेले रुग्ण सात दिवस विश्रांती सांगितलेल्या रुग्णांपेक्षा कामावर कमी गैरहजर राहिले, आणि बाकी गुण दोन्हीकडे सारखाच आला. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना दोन दिवस अंथरूण, काहींना कमरेचे विशेष व्यायाम आणि काहींना सोसेल तितपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले होते, आणि सर्वांत लवकर सावरले ते तिसऱ्या गटातील लोक. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने कंबरदुखीवर काढलेल्या लेखमालेचा रोखही तोच होता : हालचाल चालू ठेवा, अंथरूण टाळा, चित्रतपासण्या आणि शस्त्रक्रिया विनाकारण करू नका. चाळीस वर्षे होत आली, तरी गावोगावच्या सल्ल्यात यातले काही उतरलेले नाही.

ते का उतरत नाही, याचे एक कारण एक्स-रे आणि एमआरआय यांच्या चित्रांत आहे. जव्हार-मोखाड्यातील रुग्ण उसने-पासने करून एमआरआय करून आणतो, आणि ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ ही तीन वाक्ये त्याला आयुष्यभरासाठी चिकटतात. कमरेच्या दोन मणक्यांमधील चकती म्हणजे बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत जेलीसारखा गाभा असलेली गादी असते, आणि वयानुसार तिच्यातील पाणी कमी होऊन तिची उंची घटणे, ती किंचित बाहेर फुगणे, हे केस पिकण्याइतकेच सामान्य आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले तेव्हा त्यातील ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही सुमारे ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळतात. तेव्हा पंचविशीतल्या चढाईपटूच्या चित्रात गादी फुगलेली दिसली, एवढ्यावरून ती कबड्डीने फुगली आणि तीच दुखते आहे, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात. घाई महागात पडते, कारण सरकलेली गादी मनात एकदा बसली की माणूस वाकायलाच घाबरतो. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली सविस्तर मांडलेल्या ‘भीती आणि टाळाटाळ’ या प्रतिमानात हेच चक्र दाखवले आहे : दुखण्याची भीती, भीतीमुळे हालचालीची टाळाटाळ, टाळाटाळीमुळे दुबळे झालेले स्नायू, आणि दुबळेपणामुळे पुन्हा दुखणे. आवणीत वाकणे नाकारता येत नाही, म्हणून ही भीती सगळी खेळावर निघते.

येथे पहिला गंभीर प्रतिपक्ष उभा राहतो. दिवसभर राबणाऱ्या शरीराला आणखी खेळ कशाला, श्रम हाच त्याचा व्यायाम नाही का, असे तो विचारतो. आणि शहरातील फिटनेसची भाषा पाड्यावर नेणे हा एक विनोदच आहे, असेही सुचवतो. विनोदाचा भाग मान्य करता येईल. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात ७०१ लोकांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याचा कार्यक्रम दिला, त्यांची कंबर पुन्हा दुखेपर्यंत मध्यक हिशेबाने २०८ दिवस गेले आणि इतरांचे ११२, पण मोखाड्याच्या माणसाला चालायचा सल्ला देणे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखे आहे. त्या अभ्यासातून घ्यायचे ते इतकेच की चालणे माणसाच्या स्वतःच्या बेताने आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेले होते. नेमकी हीच गोष्ट मजुरीत नसते. कोपनहेगनमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘शारीरिक श्रमाचा विरोधाभास’ नावाने जे मांडले, त्याचा गाभा असा की फावल्या वेळातील हालचालीने होणारा लाभ कामातल्या हालचालीने होत नाही, उलट कधी अपायच होतो, कारण कामातील श्रम दीर्घ, एकसुरी, पुरेशा विसाव्यावाचून आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकाने होतात. त्यांचे प्रतिपादन मुख्यतः हृदयाच्या आरोग्याविषयी असले, तरी त्यातील कारणमीमांसा आवणीत वाकलेल्या कमरेला तंतोतंत लागू पडते.

कबड्डीची चढाई त्याच्याशेजारी ठेवून पाहावी. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा गुडघ्यात आणि खुब्यात मोडलेला असतो, कमरेत नव्हे. वजन चवड्यांवर, छाती किंचित पुढे, नजर उजव्या कोपऱ्यावर. तो डावीकडे झुकतो, पाय टाकून परततो, निदान रेषा ओलांडतो आणि तीस सेकंदांच्या आत पुन्हा आपल्या अंगणात येतो. नंतर दम घेतो. खो-खोमध्ये चौकात बसलेला आक्रमक पाठीवर खो पडताच उठतो, धावतो, खांबाशी वळतो, सूर मारतो आणि दुसऱ्याला खो देऊन बसतो. वाकणे, वळणे, झेपावणे, थांबणे आणि विसावणे या सर्वांची अदलाबदल क्षणाक्षणाला होत असते, आणि खेळणाऱ्याला कुठे थांबायचे ते ठरवता येते. आवणीने आखडलेल्या कमरेला जे हवे असते, विविधता आणि विसावा, ते येथे मिळते. या पट्ट्यातील शरीरांना खेळ परका आहे, असेही नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकून आली, ती याच डोंगररांगेतून.

आणखी एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे धारण करून सोंगे नाचवण्याचा उत्सव, प्रसिद्ध आहे. सोंग घेणाऱ्याच्या अंगावर मुखवट्याचे वजन असते आणि ते सांभाळत त्याला संबळाच्या ठेक्यावर नाचावे लागते. त्याची कंबर दुखत असली तरी सोंग सोडून दे, असे त्याला कुणी म्हणत नाही, कारण तो मान आहे. तारपा वाजवणाऱ्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफून, गुडघ्यांत किंचित वाकून फेर धरणाऱ्यांनाही कुणी अडवत नाही. म्हणजे दुखरी कंबर घेऊन काम करता येते, देवाचे करता येते, रात्रभर नाचता येते, आणि खेळता मात्र येत नाही. वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही तत्त्वाने ही विभागणी सिद्ध होत नाही. तिच्यामागे खेळ हे रिकामपणाचे लक्षण आहे, ही जुनी समजूत आहे, आणि ‘डॉक्टरांनी सांगितले’ या शब्दांनी तिला केवळ प्रतिष्ठा मिळते.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा वेगळा आहे, आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. ज्याची कंबर हेच भांडवल आहे, भट्टीवर उचल घेऊन, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ उचलून, जो गेला आहे, त्याने मुरुमाच्या मैदानावर दोघा-तिघांच्या पकडीत कंबर पिरगाळून घेतली तर घर कसे चालायचे? शहरातल्या नोकरदाराची रजा भरून निघते, मजुराची नाही. हा धोका खरा आहे, आणि खेळाच्या समर्थनात तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु या मुद्द्यातून निष्पन्न काय होते, ते पाहावे. त्यातून पकड टाळावी, दुखणे ताजे असताना चढाईला जाऊ नये, मैदान नीट करावे, काही काळ कबड्डीऐवजी व्हॉलीबॉल खेळावा, असे बरेच काही निघते. खेळ कायमचा सोडावा, हे मात्र निघत नाही. शिवाय धोक्याचा हिशेब करायचा तर तो सगळा करायला हवा. बसून काढलेल्या संध्याकाळी कंबर बळकट होत नाही. पाठीच्या कण्यालगतचा मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू दुखण्याच्या काळात आटतो, आणि दुखणे थांबले तरी तो व्यायामावाचून आपोआप भरून येत नाही, असे गेल्या तीस वर्षांतील संशोधन सांगते. तो स्नायू आटलेला मजूर पुढच्या हंगामात तेवढ्याच विटा उचलणार असतो.

दुसऱ्या टोकाला असलेली भूमिकाही तितकीच त्याज्य आहे. तिला वेदनेची पूजा म्हणता येईल. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकर यांनी पाठ आखडलेली असताना १३६ धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा १७ धावा हव्या होत्या, आणि भारत १२ धावांनी हरला. त्या खेळीचे वर्णन करताना मराठी क्रीडालेखन आजही भरून येते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु गावच्या स्पर्धेत वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरणारा खेळाडू त्याच खेळीचा दाखला देतो, तेव्हा ती खेळी एका कसोटीच्या शेवटच्या डावातली होती आणि तिच्याभोवती डॉक्टर उभे होते, हे विसरले जाते. अनुकरण करायचे तर अलीकडची उदाहरणे अधिक उपयोगी आहेत. मुंबईच्या श्रेयस अय्यर यांच्या पाठीवर २०२३ साली शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्यांनी ५३० धावा केल्या, आणि २०२५ साली पाठ पुन्हा कुरकुरू लागल्यावर त्यांनी लाल चेंडूच्या क्रिकेटमधून, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांतून, सहा महिने विश्रांती मागून घेतली आणि मर्यादित षटकांचे सामने चालू ठेवले. जसप्रीत बुमराह २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळले. याला क्रीडावैद्यकात भारनियोजन म्हणतात : शरीराने आज किती सोसले, उद्या किती सोसेल, याचा अंदाज घेऊन भार वाढवणे किंवा उतरवणे. (भारनियमन हा जुळा शब्द जव्हार-मोखाड्यात परिचित आहे, पण तो विजेच्या संदर्भात.) कल्पना परदेशी नाही. तालमीतला वस्ताद नवख्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर मारायला लावत नाही, आणि दुखापतीतून परतलेल्याला थेट कुस्तीला उतरवत नाही. पुन्हा बैठकांपासून सुरुवात करवतो.

पाड्यावरच्या खेळाडूला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जाणे परवडणार नाही, म्हणून भारनियोजन त्याच्यासाठी अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. व्यायामचिकित्सक वापरतात ती साधी मोजपट्टी त्यालाही वापरता येते : खेळताना थोडेफार दुखले तरी चालेल, पण ते चोवीस तासांत पूर्वपदावर आले पाहिजे, आले नाही तर पुढच्या वेळी निम्म्याने कमी. त्याहून महत्त्वाचे आहे ते त्याचे वर्ष. आवणीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा भट्टीवरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धेत उतरणे आणि झोडणी संपून पंधरा दिवस हलका सराव झाल्यावर उतरणे, यांत कमरेच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्याला खेळ बंद करायला सांगणाऱ्याने आधी आवणी कधी संपली, एवढे विचारले तरी सल्ला बदलेल. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांसाठी मुलामुलींची तयारी करून घेणाऱ्या क्रीडाशिक्षकाला हे वर्ष पाठ असते. औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते पाठ असेलच, असे नाही.

हालचाल चालू ठेवण्याच्या या तत्त्वाला अपवाद आहेत आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजेत. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, ही लक्षणे दिसली तर खेळाचा प्रश्नच उरत नाही. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा जे रुग्णालय जवळ असेल ते त्याच दिवशी गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे आणि रात्रीचे न थांबणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यायला हवी. क्षय आणि कुपोषण यांची गाठ पडणाऱ्या पट्ट्यात तर ती आधी घ्यायला हवी. कमरेपासून पावलापर्यंत कळ उतरणारी सायटिका, जिला आयुर्वेदाने गिधाडासारख्या होणाऱ्या चालीवरून गृध्रसी म्हटले, तीही तपासून घ्यावी, मात्र तिच्यातही बहुतेकांना शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. चमत्कारिक बाब अशी की सरसकट विश्रांती सांगणारा सल्ला या अपवादांनाही न्याय देत नाही, कारण तो क्षयाच्या रुग्णालाही पडून राहायला सांगतो आणि लचकलेल्या चढाईपटूलाही.

या वादात आतापर्यंत खेळाडू हा शब्द पुरुषासाठीच वापरला गेला, हे सजग वाचकाच्या लक्षात आले असेल. आश्रमशाळेत खो-खो खेळलेली मुलगी जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचे वृत्त ऐकते, प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या मुलीच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघ तो जिंकतो, आणि तोपर्यंत तिचे स्वतःचे लग्न होऊन तिच्या डोक्यावर हंडे आलेले असतात. बाळंतपणानंतर तिची कंबर दुखू लागते, ती आवणीला जाते, भट्टीवर विटा वाहते, आणि कधीतरी रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते. तिला गोळ्या मिळतात, कंबरपट्टा मिळतो, वजन उचलू नका हे वाक्य मिळते. खेळ बंद करा, असे तिला कुणी सांगत नाही. बंद करायला तिच्याकडे खेळ उरलेलाच नसतो.